जुन्या खरेदीखतांच्या स्कॅनमध्ये अक्षरं गायब होतात, मागच्या पानाची शाईही उमटते. स्कॅनरवर कोणतं सेटिंग ठेवू?

आमच्या घरचे मोडी दस्त स्कॅन करताना मीही इथेच अडकलो होतो.

आधी मोड बघा. बहुधा तो 'ब्लॅक अँड व्हाइट' किंवा 'टेक्स्ट'वर असेल. या मोडमध्ये प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा, नाहीतर पूर्ण पांढरा. कुठला ठिपका कुठे जाणार हे 'थ्रेशोल्ड' ठरवतो. ताज्या छापील कागदाला हे उत्तम. पण उडालेली तपकिरी शाई पांढऱ्यात जमा होते आणि ते अक्षर त्या फाइलमधून कायमचं जातं, मग कितीही ब्राइटनेस हलवा. थ्रेशोल्ड बदलून शाई आणलीत, तर कागदाचे डाग आणि घड्याही काळ्या होऊन येतात.

म्हणून जुन्या दस्ताला कलर, २४ बिट. ग्रेस्केल (फक्त राखाडी छटा) सुद्धा नको. सहीवर जांभळा शिक्का बसला असेल, तर दोन्ही वेगळे वाचता येतात ते रंगामुळेच. 'बॅकग्राउंड रिमूव्हल' (कागदाचा रंग आपोआप पुसणं) आणि शार्पनिंग (कडा आपोआप ठळक करणं) बंद ठेवा.

रिझोल्यूशन ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरतं, अक्षर फार बारीक असेल तर ६००. ए४ पान ३००ला २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं, म्हणजे कॉम्प्रेशनशिवाय सुमारे २५ एमबी. ६००ला त्याच्या चौपट. मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गमावता चित्र जपू शकणारा फाइलप्रकार) जपा आणि कुणाला पाठवायची असेल तेव्हा तिच्यावरून पीडीएफ करा. जेपीईजी जास्त दाबली की अक्षरांच्या कडेला राखाडी कचरा दिसू लागतो.

मागच्या शाईचा उपाय मात्र सेटिंगमध्ये नाही. झाकणाची आतली बाजू पांढरी असते. दिव्याचा उजेड पातळ कागदातून आरपार जातो, त्या पांढऱ्यावरून परततो आणि येताना मागची अक्षरं घेऊन येतो. कागदाच्या पाठीशी काळं कार्डशीट ठेवा. पान किंचित काळपट येईल, ते नंतर प्रतीवर उजळता येतं. पण मागची अक्षरं खूपच फिकी पडतात. मला सगळ्यात जास्त फरक इथे दिसला.

आणि कृपा करून हे कागद फीडरमध्ये (पानं आपोआप आत ओढणाऱ्या ट्रेमध्ये) घालू नका. घडीवर जीर्ण झालेला स्टॅम्पपेपर रोलरमध्ये फाटू शकतो. काचेवर एकेक पान हाताने पसरून ठेवा. स्कॅनर पातळ, फक्त यूएसबीच्या विजेवर चालणारा असेल, तर घडी काचेपासून जराशी उचललेली असली तरी तेवढी ओळ अंधूक येते.