फिल्मवर पन्नास, मीटरवर अडतीस

प्रश्न : काका, नमस्कार. मागच्या महिन्यात मी पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली. चारही दारांच्या काचांना आणि मागच्या काचेला आधीपासूनच गडद फिल्म होती. विकणारा म्हणाला, "पन्नासची आहे, कायद्यात पन्नास चालते." परवा रात्री नाकाबंदीत अडवलं. हवालदारांनी काचेवर टॉर्च मारला, मग साहेबांनी चिमट्यासारखं एक यंत्र दाराच्या काचेला लावलं. आकडा आला ३८. चलान केलं आणि फिल्म काढून टाका म्हणाले. माझ्याकडे आधीच्या मालकाची फिल्म बसवल्याची पावती आहे, तिच्यावर चक्क ५० टक्के छापलंय. यंत्र बिघडलेलं असेल का? मी भांडू का?

उत्तर : यंत्र ठीक आहे आणि पावतीही खरी आहे. विकणाऱ्याने तुम्हाला निम्मीच गोष्ट सांगितली.

पावतीवरचे ५० हे नुसत्या फिल्मचे. म्हणजे त्या फिल्मवर पडलेल्या उजेडापैकी निम्मा पलीकडे जातो. पण फिल्म हवेत लटकत नाही, ती काचेवर बसते, आणि काच स्वतःही थोडा उजेड गिळते. दाराच्या फुटलेल्या काचेचा तुकडा कधी पांढऱ्या कागदावर कडेने धरून बघा, कड हिरवट दिसते. ती हिरवट झाक कारखान्यातूनच येते. अशी काच साधारण ७५ ते ८० टक्के उजेड सोडते. तुमची ७६ सोडत असेल असं धरू. शंभरातले ७६ काचेतून आले, त्यातले निम्मे फिल्मने अडवले, उरले ३८. मीटरने दाखवले तेवढेच.

बावीस वर्षं मी गाड्यांच्या काचांना फिल्म बसवायचं काम केलं. गिऱ्हाईक विचारायचं, "कितीची आहे?" कशावर बसणार, हे एकानेही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीही आपणहून सांगत नव्हतो. पन्नासची मागितली, पन्नासची लावली, पावती फाडली.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. हे आकडे काचेचे आहेत, फिल्मच्या डब्यावरचे नाहीत. आणि तुमच्या मागच्या काचेला तर सत्तरची अट आहे. ती मोजली नाही हे नशीब समजा. त्यावर २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की काचेवर काळी फिल्म लावायचीच नाही, मग ती कितीही टक्क्यांची असो. ४ मे २०१२ पासून हे लागू झालं. कारखान्यातूनच रंगीत आलेली काच चालते, पण तीही ७० आणि ५० च्या हिशेबात बसली तर. सूट मिळू शकते ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. तुम्ही-आम्ही त्यात नाही.

म्हणून रस्त्यावर बऱ्याचदा मीटर काढतच नाहीत. फिल्म दिसली, नखाने कड उचलली गेली, चलान. तुमच्यासाठी साहेबांनी मीटर काढला, हे मला उलट नीटनेटकं वाटतं.

यात पुढे एक फाटा फुटलाय. नियम १०० मध्ये नंतर सुधारणा झाली आणि त्यात सुरक्षा काचेच्या जोडीला फिल्मसह बनलेल्या काचेचाही समावेश झाला. त्याच आधारावर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की ७० आणि ५० च्या मर्यादेत बसणारी, मानकाप्रमाणे असलेली फिल्म चालते. बातमी वाचून काहीजण लगेच फिल्मवाल्याकडे धावले. पण तो निकाल मोबाइलमध्ये ठेवून दुसऱ्या राज्यात नाकाबंदीवर हुज्जत घालू नका. आणि तुमच्या बाबतीत तो उपयोगाचाही नाही, कारण ३८ कुठल्याच मर्यादेत बसत नाही. ७६ च्या काचेवर एकूण ५० हवे असतील तर फिल्म किमान ६६ ची लागते. समोरच्या काचेला ७० हवेत. ती ७८ सोडत असेल तर फिल्म ९० ची हवी, म्हणजे जवळजवळ पारदर्शकच.

मीटर कधीच चुकत नाही असं नाही. काचेवर धूळ किंवा पावसाचे थेंब असतील तर आकडा खाली येतो. आधी काहीही न लावता तो १०० दाखवतो का, हे बघायचं. बहुतेक यंत्रांसोबत ठरलेल्या आकड्याची नमुना काच येते, ती लावून पडताळायचं. "साहेब, एकदा काच पुसून, मोकळं दाखवून परत लावता का?" एवढं विचारण्यात उद्धटपणा नाही. पण दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने तुमचं भागणार नाही. पन्नासला बारा कमी पडताहेत.

भांडू नका. चलान भरा आणि फिल्म काढा.

काढताना घाई करू नका. दाराची काच सोपी आहे. गरम वाफ किंवा हेअर ड्रायर फिरवायचा, वरच्या कोपऱ्यात नखाने कड सुटली की फिल्म काचेला चिकटून, जवळजवळ काचेला समांतर, हळूहळू ओढायची. सरळ आपल्याकडे ओढली तर गोंद काचेवरच राहतो आणि मग तासभर घासत बसा. मागची काच मात्र वेगळी. तिच्या आतल्या बाजूला बारीक तपकिरी आडव्या रेषा असतात, त्या धुकं घालवणाऱ्या तारा. गोंद काढायला तिथे ब्लेड लावलं की तार तुटते, आणि पुढच्या पावसाळ्यात मागच्या काचेवर एक पट्टा कायम धुकट राहतो. अशी काच मी एकदा स्वतःच्या हाताने बिघडवली आहे. तिथे फक्त वाफ, साबणाचं पाणी, प्लास्टिकचा खरवडा आणि संयम.

पुढच्या वेळी रात्री अडवलं तर गाडी कडेला घेतल्यावर आधी आतला दिवा लावा आणि सगळ्या काचा खाली करा. हात स्टिअरिंगवर राहू द्या. लगेच कागदांसाठी डॅशबोर्डच्या खणात वाकू नका. रात्री बाहेरच्याला एवढंच दिसतं की आत कोणीतरी खाली वाकून काहीतरी शोधतंय. टॉर्च घेतलेला माणूस त्या क्षणी घाबरलेला असतो. कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमध्ये असली तरी चालतात, मागितल्यावर दाखवा.

प्रश्न : मला उन्हाची अ‍ॅलर्जी आहे, त्वचेवर पुरळ येतं. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय. गाडीत काळी फिल्म लावायला परवानगी मिळेल का?

उत्तर : डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून काळी फिल्म चालवून घेता येईल, या भरवशावर राहू नका. २०१२ च्या निकालात सूट सुरक्षेसाठी आहे, आजारासाठी नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत वैद्यकीय सूट मिळते, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून लोक गोंधळतात.

पण तुमचा त्रास आणि फिल्मचा काळेपणा यांचा तसा संबंध नाही. त्वचेला बहुतेक वेळा छळतात ते अतिनील किरण. समोरची काच दोन थरांची असते, मधे प्लास्टिकचा पातळ पडदा, तो जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. दाराची काच एकाच थराची. तिच्यातून अतिनील-अ (यूव्हीए) प्रकारचे किरण बऱ्यापैकी आत येतात. म्हणूनच वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याची खिडकीकडची बाजू जास्त रापते. हे अडवणारी जवळजवळ पारदर्शक फिल्मही असते, पण ती तुमच्या राज्यात लावू देतात का, ते आधी वाहतूक पोलिसांना विचारा. नाहीतर लांब बाह्यांचा सुती सदरा, हातमोजे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मलम. कुठलाही हवालदार याला चलान करणार नाही.

प्रश्न : आमचे बाबा म्हणतात, "मला रात्रीही काळ्या काचेतून सगळं दिसतं." त्यांना कसं समजवायचं?

उत्तर : मीही असंच म्हणायचो. स्वतःच्या गाडीला वीसची फिल्म, गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला. प्रत्येक वळणावर मी काच चार बोटं खाली करायचो, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हिने एकदा विचारलं, "अहो, दर वळणाला काच खाली करता, मग ती लावलीत कशाला?" मी हसून सोडून दिलं. पुढे एका पावसाळी रात्री रिव्हर्स घेताना मागच्या काचेत फक्त माझ्याच लाल दिव्याचा उजेड दिसत होता. खट्ट असा आवाज आला. उतरून बघितलं तर स्टँडवर लावलेली सायकल आडवी, मागचं चाक वाकलेलं. सायकलवाला बाजूच्या आडोशाला पाऊस थांबायची वाट बघत उभा होता.

बाबांना रात्री गाडीत बसवा, इंजिन बंद. तुम्ही गडद कपड्यांत दाराजवळून चालत मागे जा, आणि तुम्ही कुठे थांबलात हे त्यांना काच खाली न करता बोटाने दाखवायला सांगा.

प्रश्न : बाळासाठी मागच्या दाराला चिकटणारी जाळी लावते, ती चालेल का?

उत्तर : गाडी उभी असेल तेव्हा खुशाल लावा. चालवताना काढून ठेवा. २०१२ च्या निकालात फिल्मबरोबर काचेवर लावलेलं इतर कुठलंही साहित्य असे शब्द आहेत. बाळ सावलीच्या बाजूच्या सीटवर बसवलं की अर्धं काम होतं.