सोडायचं तर नाव घेऊन सोड

पोरी,

तुझा मेसेज रात्री उशिरा आला, मी सकाळी वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. "काका, मी फुटबॉल बघणं सोडतेय, सगळं राजकारणच झालंय, पण सोडलं तर मूर्ख वाटतं आणि बघितलं तर गिल्टी वाटतं." फोन केला असता, पण फोनवर तू हो काका, हो काका करतेस आणि फोन ठेवल्यावर परत तिथेच. म्हणून लिहितोय.

विचार करतेस ते छान वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला माहितीये. मला खटकलं ते "सगळं राजकारणच झालंय". अगं, हे कोण कोण बोलतं बघ जरा. २०२० मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे खेळाडू वर्णद्वेषाविरुद्ध मॅचच्या आधी गुडघा टेकायला लागले तेव्हा त्यांच्यावर चिडलेले लोक हेच बोलत होते, खेळात राजकारण आणू नका. आणि २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी फंडाने न्यूकॅसल हा इंग्लंडचा क्लब विकत घेतला तेव्हा त्यावर चिडलेले लोकही हेच बोलत होते. ही दोन माणसं एका टेबलावर चहा घेणार नाहीत, पण तक्रार शब्दाला शब्द सेम. तू त्यातली कुठली? तुझ्या मेसेजवरून मला कळलं नाही, आणि मला वाटतं तुलाही अजून कळलेलं नाही, आणि म्हणूनच बघितलं तरी त्रास आणि नाही बघितलं तरी त्रास.

सोडायचं तर नाव घेऊन सोड. कोणी केलं, काय केलं, कोणाचं नुकसान झालं. एवढं सांगता आलं पाहिजे.

राजकारण फुटबॉलमध्ये आत्ता आलं असं तुला कोणी सांगितलं? १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, आपली बहुतेक पोरं अनवाणी खेळत होती, समोर गोऱ्यांची पलटण, त्यात राजकारण नव्हतं? १९८६ ला मी वाशीला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांकडे रात्री जागून मॅरेडोना बघायचो. इंग्लंडविरुद्धच्या त्या दोन गोलांना जी चव होती त्यात चार वर्षांपूर्वीचं फॉकलंडचं युद्ध होतंच की, आम्हालाही ते माहीत होतं आणि आम्ही ओरडलो. आणि त्याच अर्जेंटिनात १९७८ ला लष्करी राजवटीने वर्ल्ड कप भरवला, फायनलच्या स्टेडियमपासून थोड्याच अंतरावर नौदलाच्या शाळेत माणसं डांबून त्यांचा छळ चालला होता. मग कतारमध्ये, २०२२ ला, इराणचे खेळाडू इंग्लंडविरुद्धच्या मॅचआधी राष्ट्रगीताला ओठ मिटून उभे राहिले, तिकडे इराणात बायकांवर चाललेल्या अत्याचारांविरुद्ध, परत गेल्यावर काय होईल याची खात्री नसताना. हे पण राजकारणच. ते पण नको तुला? १९७८ चा तो अर्जेंटिनाचा लष्करशहा व्हिडेला आणि ही इराणची पोरं, दोघांना एकाच पिशवीत भरून कचऱ्यात टाकणार? टाकू नको. म्हणून म्हणतोय नाव घे.

आता माझं सांगतो, कारण तू विचारलं होतंस की मी टीव्हीवर मॅच का बघत नाही आणि तेव्हा मी विषय बदलला होता.

आमच्या टीमचा लेफ्ट बॅक, तुर्भ्यात वेल्डिंग करायचा. कतारला २०१० च्या डिसेंबरात वर्ल्ड कप मिळाला, मग तिकडे बांधकामं निघाली आणि हा एजंटला पैसे द्यायला बायकोचे दागिने मोडून दोह्याला गेला. तिथे कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार अडकवला, दुसरीकडे काम बघायचं तर मालकाचीच परवानगी, कफाला म्हणतात त्या पद्धतीला. तो स्टेडियमवर नव्हता, रस्त्याच्या कामावर होता, हे मी मुद्दाम सांगतो कारण मला खोटं वाढवून सांगायचं नाहीये. परत आला तेव्हा त्याच्या अंगात दोन हाफ पळायचा दम उरला नव्हता. आणि तो जिवंत तरी आला.

२०२२ च्या मे महिन्यात अ‍ॅम्नेस्टी आणि इतर मानवी हक्क संघटनांनी फिफाकडे, म्हणजे वर्ल्ड कप भरवणाऱ्या संघटनेकडे, मागणी केली, की कमीत कमी ४४ कोटी डॉलर बाजूला काढा, जेवढी टीमना बक्षिसं वाटणार तेवढीच रक्कम, आणि ज्यांचे पगार बुडले, जे मेले, त्यांच्या घरी पोचवा. फिफाने तो फंड काढला नाही. नंतर २०२४ मध्ये ५ कोटी डॉलरचा लेगसी फंड जाहीर केला, त्यात मजुरांची थेट भरपाई नाही. माझं कारण एवढंच आहे. ४४ कोटी डॉलर. ते दिले की मी त्याच दिवशी टीव्ही लावतो. मला फुटबॉलचा कंटाळा आलेला नाही, मी रुसलेलो नाही, माझी एक मागणी आहे आणि ती पूर्ण झालेली नाही.

आणि याची किंमत काय ते पण ऐक, कारण तुला ती द्यावी लागेल. १८ डिसेंबर २०२२. अर्जेंटिना-फ्रान्स, ३-३, पेनल्टीवर ४-२. शाळेत होतो तेव्हापासून ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस, आणि मी पाम बीच रोडला चालत होतो, बिल्डिंगमधून आरडाओरडा ऐकू येत होता आणि कोणी गोल मारला ते कळत नव्हतं. मुलगा मित्रांकडे बघायला गेला होता. त्याला मी अडवलं नव्हतं, पण त्याने घरी येऊन मला काही सांगितलं नाही आणि तेव्हापासून आम्ही दोघं फुटबॉलवर बोलत नाही, ज्या पोराला मी खांद्यावर बसवून कूपरेजला नेलं होतं त्याच्याशी. हे मला लागतं. खूप लागतं. आणि तो लेफ्ट बॅक, ज्याच्यासाठी हे सगळं, त्याने स्वतः फायनल बघितली! वर मला म्हणतो, माझ्यासाठी तू कशाला उपाशी राहतोस. मी त्याला तेव्हाच सांगितलं, तुझ्यासाठी नाही राहत, पैसे दिलेले नाहीत म्हणून राहतो. तुला विसरायचं असेल तर विसर, तो तुझा हक्क. मी नाही विसरणार.

तू म्हणशील एका नेरूळच्या म्हाताऱ्याने टीव्ही बंद केल्याने तिकडे झुरिचला फिफाच्या ऑफिसात काय कळणार. काही नाही कळणार. पण १९६६ च्या वर्ल्ड कपवर आफ्रिकेच्या देशांनी बहिष्कार टाकला तेव्हा त्यांचं कारण एका ओळीत होतं, आफ्रिकेला स्वतःची थेट जागा द्या, प्लेऑफ खेळायला लावू नका. १९७० ला जागा मिळाली. १९७४ ला आपण डेव्हिस कपची फायनल सोडली, आपण कधीच न जिंकलेला कप, कारण समोर वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका होती. कारण स्पष्ट होतं म्हणून त्यात इतरांना भर घालता आली. "सगळं राजकारणच झालंय" यावर कोण काय करणार? कोणी काही करू शकत नाही, सांगणाराही नाही. ते नुसतं दार आपटणं झालं.

आणि एक गोष्ट तू विसरलीस याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. २०२२ चा ऑगस्ट. फिफाने आपल्या भारतीय फुटबॉल फेडरेशनला सस्पेंड केलं, आपल्याकडे होणारा अंडर-१७ मुलींचा वर्ल्ड कप जातो की राहतो, तू मैदानाच्या कठड्यावर बसून रडत होतीस. पदाधिकारी खुर्च्या सोडेनात, निवडणुका लांबलेल्या, कोर्टाने प्रशासक नेमले, आणि भोगायचं कोणी तर सोळा-सतरा वर्षांच्या पोरींनी. दहा-अकरा दिवसांनी सस्पेन्शन उठलं आणि ३० ऑक्टोबरला आपल्याच डी. वाय. पाटीलला स्पेन-कोलंबिया फायनल झाली, आपण सगळे होतो. ते राजकारण तुझ्या अंगाला लागलं होतं आणि तेव्हा तुला नावं पाठ होती, कोणाची मुदत कधी संपली ते तू मला सांगत होतीस! ती पोरगी कुठे गेली? आता मेसेजमध्ये फिफाचा अध्यक्ष इन्फँटिनो, ट्रम्प, सौदी, ऑइल मनी, सगळं एका श्वासात, आणि शेवटी काय करू काका.

कोलकात्याचं बघ. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये बलात्कार करून मारलेल्या डॉक्टर मुलीसाठी लोक रस्त्यावर होते, ड्युरंड कपची मोहन बागान-ईस्ट बंगाल डर्बी रद्द केली, तर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडनचे फॅन्स एकत्र सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, लाठ्या खाल्ल्या. ज्यांचं जन्मात पटलं नाही ते. त्यांनी फुटबॉल सोडला नाही. काय पाहिजे ते मात्र त्यांना माहीत होतं, न्याय पाहिजे, त्या मुलीसाठी.

आता तुझा मूळ प्रश्न, सीवूड्सला मैत्रिणीकडे सगळ्यांनी मिळून २०२६ चा वर्ल्ड कप बघायचा प्लॅन आहे त्याला जायचं का. ५ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनला ड्रॉच्या स्टेजवर फिफाने ट्रम्पना शांततेचं बक्षीस दिलं त्याची तुला चीड आली, मलाही आली. पण मला त्याहून जास्त लागलं ते हैतीचं. १९७४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला आले आणि अमेरिकेच्या प्रवासबंदीत टीमला सूट, प्रेक्षकांना नाही. इराणचंही तेच. हे कारण होऊ शकतं. त्याला नाव आहे, तारीख आहे, काय बदललं की तू परत बघशील ते सांगता येतं. २०३४ चा वर्ल्ड कप एकट्या सौदीचीच बोली होती म्हणून त्यांना दिला, हेही होऊ शकतं. पण ते तुझं असलं पाहिजे. माझे ४४ कोटी उसने घेऊ नको, माझ्याकडे बघून तर अजिबात सोडू नको.

एक ओळ लिही. मी अमुक झाल्याशिवाय बघणार नाही. ती ओळ मैत्रिणींसमोर न अडखळता बोलता आली तर जाऊ नको, आणि त्या बघतायत म्हणून त्यांना लेक्चर देऊ नको, तुझ्या बंदीचा त्रास तुझ्यापुरता ठेव. ओळ झाली नाही तर सरळ जा, बघ, ओरड, गिल्टी वाटून घेऊ नको. अर्धवट बघणं आणि अर्धवट सोडणं मला चालणार नाही, वय नाहीये ते तुझं.

रविवारी सातला प्रॅक्टिस आहे. अंडर-१४ च्या दोन पोरी गोलकीपिंग शिकायला आल्यात, मला आता डाइव्ह मारून दाखवता येत नाही, त्या तुझ्याकडे देणार आहे. टीव्ही सोडलास तरी हे सोडायचं नाही, त्यावर चर्चा नाही.

काका