पत्रमित्र शोधण्याआधी आडनाव तपासा

घराण्याची मुळं शोधायची म्हणून, पणजोबा ‘ओल्सेन’ होते एवढ्यावर नॉर्वेत पत्रमित्र शोधू नका. ओल्सेन म्हणजे ओलेचा मुलगा, बस्स. खरा धागा असतो शेतवाडीच्या नावात. आपल्या चिपळूणकर-सातारकरांसारखंच, पण तिकडे माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की नावही बदलायचं! कायम आडनावाची सक्ती झाली ती १९२३च्या कायद्याने.

म्हणून आधी तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किवेट’ या वेबसाइटवर चर्चच्या नोंदी आणि १८०१, १८६५ची जनगणना चाळा. फुकट आहे. वाडी सापडली की त्याच परगण्यातला पत्रमित्र शोधा, ऑस्लोतला नको. गावाकडच्या माणसाला ‘बिग्देबोक’ माहीत असतं: वाडीवार कोण राहिलं, कुठून आलं, याचा स्थानिक ग्रंथ.

आणि पहिल्याच पत्रात वंशावळ मागू नका. मी अकरा प्रश्न विचारले होते. उत्तर आलंच नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या एकांना फक्त आजीच्या लेफ्सेबद्दल लिहिलं, बटाट्याची ती पातळ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. तीन आठवड्यांत चार पानी पत्र, सोबत वाडीच्या जुन्या कोठाराचा फोटो.

इंग्रजीत लिहा, चालतं. फक्त वाडीचं नाव त्यांच्याच स्पेलिंगमध्ये, अक्षरांवरच्या खुणांसकट लिहा.