घरच्यांनी हॉलमध्ये मोठं रंगीबेरंगी अमूर्त चित्र लावलंय. सगळे छान म्हणतात, मला काहीच कळत नाही. त्याचा आस्वाद कसा घ्यायचा?

‘त्यात काय आहे’ हे शोधणं आधी बंद करा. हा प्रश्न ऐकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, म्हणून लिहितेय.

माझे बाबा गिरणगावातल्या एका कापड गिरणीत डिझाइन खात्यात होते. छपाईची नक्षी काढायची, तिच्यातला एकेक रंग वेगळा करून द्यायचा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. त्या पावसाळ्यात बाबांनी चाळीतल्या आमच्या खोलीत तीन बाय चार फुटांचं तैलचित्र केलं. कुंकवासारखा लाल, हळदीचा पिवळा, निळ्याचे दोन थर आणि मधोमध एक करडा पट्टा. माणूस नाही, झाड नाही, देव नाही.

गणपतीत काका आले. म्हणाले, “हे काय? आमचा बारकासुद्धा काढेल.” दादा त्यांच्याबरोबर हसला. वर म्हणाला, पट्ट्यापर्यंत येऊन रंग संपले असतील. बाबा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी एका पोस्टकार्डाला मधोमध भोक पाडलं आणि ते माझ्या हातात दिलं. भोकातून बघितलं तर पट्टा नुसता राखेसारखा. कार्ड बाजूला केलं की लालाशेजारी तोच पट्टा हिरवट व्हायचा. मी दहा वर्षांची होते, दिवे लागेपर्यंत तेच करत बसले.

पॅरिसच्या गोबेलां विणकाम कारखान्यात रंगाईचं खातं सांभाळणाऱ्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. धाग्यात खोट नव्हती, फरक शेजारच्या रंगांमुळे पडत होता. १८३९मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. बाबांना ते गिरणीतल्या कामातूनच माहीत होतं. आईच्या साड्यांवर त्यांनीच काढलेली नक्षी असायची. तिचा अर्थ काकांनी एकदाही विचारला नाही.

तेव्हा तुम्हीही पुठ्ठ्याला भोक पाडा आणि चित्र तुकड्यातुकड्यांनी बघा. मग दारातून, मग हातभर अंतरावरून. सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली. दोन रंग भेटतात तिथली कड बघा: धारदार आहे की एकमेकांत मुरलीय, खालचा थर कुठे डोकावतोय का. नागपुरात जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडेंना स्वतःच्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्दही मान्य नव्हता, ते ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणायचे, म्हणजे कुठल्याही वस्तूशी न बांधलेलं. रोलर आणि सुरी वापरून रंगाचे थर चढवायचे, काढायचे. असं काम दोन मिनिटांत कळावं ही अपेक्षाच चुकीची आहे. महिनाभर रोज पाच मिनिटं द्या.

आणि कळत नाही म्हणून ते भिंतीवरून उतरवू नका. दादाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा त्याने बाबांचं चित्र माळ्यावर टाकलं आणि भिंतीवर धबधब्याचं पोस्टर चिकटवलं. दोन पावसाळे ते वर पडून होतं. उजव्या कोपऱ्याला बुरशी लागली, ती आजही दिसते. बाबा तेव्हा एक शब्दही बोलले नाहीत. मी बोलले, आणि त्यावरून आमचं वर्षभर वाजलं.

बघूनही आवडलं नाही तर नाही आवडलं, तसं खुशाल सांगा. सोफ्याच्या कव्हराला जुळवून आणलेली वाईट अमूर्त चित्रंही पुष्कळ असतात, तुमचं कसं आहे ते मी पाहिलेलं नाही. पाहुण्यांना काय सांगायचं याची काळजी करू नका, त्यांनाही पुठ्ठा द्या. ओल असलेल्या किंवा थेट उन्हाच्या भिंतीवर मात्र लावू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका.

बाबांचं चित्र आता माझ्याकडे आहे. दादा येतो तेव्हा आजही म्हणतो, संपात पैसे नव्हते म्हणून तो पट्टा तसाच राहिला. बाबांनी तो तीनदा खरवडून पुन्हा लावला होता. मी शेजारी बसून चिंध्या देत होते.