बारावी सायन्सनंतर पॅरामेडिक व्हावं का? प्रथमोपचार शिकवण्याचं कामही त्यात मिळतं का?

हो, नक्की व्हा. मी बडोद्यात बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर आहे. गुजरातेत 108 सेवा 2007 साली सुरू झाली. आरोग्यसेवेतल्या पेशांसाठीच्या 2021च्या केंद्रीय कायद्यात या पेशाचं नावही आलंय. शिक्षणासाठी डिप्लोमा आहे, पदवीही आहे. जमलं तर पदवीच करा, पुढे शिकवायला उपयोगी पडते.

नोकरीत रात्रपाळी, पाठदुखी आणि बेताचा पगार आहे, हे घरी आधीच सांगून ठेवा.

पण शिकवण्याबद्दल मला जास्त बोलायचंय. उत्तरायणात मांजाने गळा चिरलेला एक दुचाकीस्वार आम्हाला मिळाला. आम्ही पोचेपर्यंत पानवाल्याने स्वच्छ रुमाल जखमेवर घट्ट दाबून धरला होता, एकदाही उचलून बघितलं नव्हतं. माणूस वाचला. पानवाल्याला ते कुणीतरी शिकवलं होतं!

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी मंडळींना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवतो. मोठ्या माणसाच्या छातीच्या मधोमध, कोपर ताठ ठेवून, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं. सगळ्यांचे कोपर वाकतात. एक काकू मात्र पोळ्यांची कणीक तिंबायच्या सवयीने पहिल्याच फेरीत बरोबर दाबत होत्या. भाजलं की हळद किंवा टूथपेस्ट लावायची सवय मात्र सुटता सुटत नाही. तिथे 20 मिनिटं नळाचं वाहतं पाणीच हवं.

शाळा आणि कारखान्यांत अशा प्रशिक्षकांना काम मिळतं. पण आधी दोन-तीन वर्षं गाडीवर काढा.