घरावर संकट असताना देव आपली काळजी घेतो, हे लहान मुलांना कसे सांगावे?

आपण लिहिले आहे की यजमानांची नोकरी गेली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि पाच वर्षांची मुलगी रोज विचारते, "देव आपल्यावर रागावला आहे का?" मी नागपूरच्या महाल भागात राहते आणि २१ वर्षे बालवाडीत शिकवले आहे. तरीही या प्रश्नापुढे माझ्याच घरात मी एकदा गप्प बसले होते, म्हणून हे सविस्तर लिहिते.

"देव परीक्षा पाहतो", "देवाने शिक्षा केली" आणि "देवाला आवडले म्हणून नेले" ही तीन वाक्ये मुलांसमोर कधीही उच्चारू नका. तिसऱ्या वाक्याने काय होते ते मी पाहिले आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, नागपुरात रुग्णालयात खाट मिळणे किती कठीण झाले होते, हे येथल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना दोन दिवसांच्या धावपळीनंतर खाट मिळाली, पण प्राणवायू पुरेसा मिळाला नाही आणि रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, २२ एप्रिलला पहाटे ते गेले. बहीण स्वतः बाधित असल्याने आमच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत एकटी होती आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा खाली माझ्याजवळ होता. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, त्याला मांडीवर घेऊन सांगितले, "बाबा फार चांगले होते ना, म्हणून ते देवाला आवडले आणि देवाने त्यांना आपल्याकडे नेले." दादा स्वतःचे रडू आवरत बोलत होता. मला ते वाक्य खटकले होते, पण त्या वेळी मी काहीच बोलले नाही.

पुढचे दोन आठवडे आमच्या देवघराचा पडदा कोणीतरी ओढून ठेवत असे. मी सकाळी बाजूला सारावा आणि दुपारपर्यंत तो पुन्हा ओढलेला असावा. मुलाने हात जोडणे सोडले होते, भिंतीवर रेघोट्या ओढल्या होत्या, दूध मुद्दाम सांडले होते, आणि आम्ही ते सारे दुःखावर ढकलून मोकळे झालो होतो. बहीण बरी होऊन खाली आली त्या संध्याकाळी तिने दिवा लावला. तोच हा धावत आला आणि जळती वात त्याने दोन बोटांनी तेलात दाबून विझवली. बोटाला टरटरून फोड आला, पण तो रडला नाही. आईचा पदर ओढत म्हणाला, "तू दिवा नको लावू. तू देवाला आवडशील."

त्या रात्री त्याचे बोट थंड पाण्यात धरून मी त्याला सरळ सांगितले की बाबांना देवाने नेलेले नाही. बाबांना आजार झाला, त्यांची छाती थकली, डॉक्टरांनी प्रयत्न केले आणि ते पुरे पडले नाहीत. त्याने लगेच विचारले, "मग देव काय करत होता?" मी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. दादा ती नेहमी विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या बादशहाकडे धान्याची रक्कम भरली तेथून रंगवतो. मी त्या रात्री आधीच्या भागावर थांबले, जेथे दुष्काळात माणसे दाराशी आली आणि दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडून दिली. "धान्य देवाने दिले की दामाजीने?" असे त्याने विचारले, तेव्हा मी म्हणाले की कोठाराची किल्ली दामाजीपंतांच्या हातात होती आणि ती फिरवावी असे त्यांना वाटले, ते वाटणे देवाचे. याहून चांगले उत्तर मला आजही येत नाही.

पण मुले तेवढ्यावर सोडत नाहीत. विशाखापट्टणमहून द्रवरूप प्राणवायूचे टँकर घेऊन निघालेली रेल्वेगाडी २३ एप्रिलच्या रात्री नागपूरला आली होती. तीन टँकर येथे उतरले आणि उरलेले नाशिककडे गेले. त्याने ते दूरदर्शन संचावर पाहिले होते. "ती गाडी दोन दिवस आधी का नाही आली?" मी म्हणाले, "मला माहीत नाही बाळा, आणि मलाही त्याचा राग येतो." दादा ताडकन उठला. लहान मुलासमोर असे बोलले की श्रद्धा उडते, असे त्याचे म्हणणे, आणि आजही ते बदललेले नाही. दादा, ज्या मुलाने आईला देवापासून लपवण्यासाठी पडदा ओढला, त्याची श्रद्धा कोणाच्या वाक्याने उडाली होती, याचे उत्तर तू मला अजून दिलेले नाहीस.

घर विलगीकरणात असताना आमच्या फाटकावर रोज दोन्ही वेळचा डबा लटकत असे: वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, एकदा पातोडीचा रस्सा. तो शेजारच्या काकू पाठवत. त्या बौद्ध आहेत आणि देव मानत नाहीत, हे मुलाला ठाऊक होते, म्हणून तो म्हणाला, "मग त्यांना देवाने कसे सांगितले?" मी त्याला त्यांनाच विचारायला पाठवले. काकू म्हणाल्या, "मला वाटले तुला भूक लागली असेल." मी त्यात माझे काही जोडले नाही.

आपल्या मुलीला आज एवढेच सांगा की देव रागावलेला नाही. थोडी मोठी झाली की तुकोबांचे सांगा. दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेला, आणि देव तुकोबांवर रागावला होता असे महाराष्ट्रात कोणी म्हणत नाही. तोवर आजीला औषध कोण देते, वाणी उधार कसा देतो, बाबांसाठी कोण कोण विचारपूस करते, हे तिला दाखवत राहा. आपल्याकडे मृत्यू घडलेला नाही, त्यामुळे माझे सगळे लागू पडेलच असे नाही. मुलगी बरेच दिवस जेवत किंवा झोपत नसेल, तर मात्र गोष्टी सांगत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दादाही वाईट नाही, हेही लिहायला हवे. त्या दिवसांत औषधांसाठी तोच शहरभर हिंडला.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, देवळे पुन्हा उघडली तेव्हा आम्ही चौघे टेकडीच्या गणपतीला गेलो. भाच्याने बाहेरूनच हात जोडले आणि शेजारच्या रेल्वे स्थानकाकडे बोट दाखवून विचारले, "ती गाडी इथेच आली होती?" दादा माझ्याकडे पाहू लागला. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, "हो, उशिरा आली," आणि त्याला उचलून आत घेऊन गेला.