घरी आणलं की पुन्हा भरती

प्रश्न : विहिरीच्या कामावर असताना माझे यजमान वरून पडले, मणक्याला मार लागला. बेंबीखाली काहीच कळत नाही. लघवीला नळी आहे. घरी आणलं की काही दिवसांत ताप येतो, नाहीतर माकडहाडाला जखम होते, की पुन्हा दवाखाना. सासूबाई म्हणतात, मीच नीट बघत नाही. माझं काय चुकतंय?
– एक भगिनी, गेवराई तालुका

उत्तर : ताई, सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. मणक्याचे पेशंट पुन्हा पुन्हा भरती होतात ते मुख्यतः याच दोन गोष्टींनी, लघवीतल्या जंतूंचा ताप आणि पडून राहून झालेली जखम, अगदी मोठ्या शहरांतसुद्धा. दोन्ही बऱ्याच टाळता येतात, पण घरच्यांना ते हाताने करून शिकवावं लागतं. कार्डावर नुसतं ‘काळजी घ्या’ लिहून माणूस घरी पाठवतात, याचा मला फार राग येतो.

आधी ताप. त्यासाठी पाणी. बायकोला त्रास नको म्हणून ही माणसं पाणीच कमी पितात, असं मी वॉर्डात कायम बघते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि टँकरची वाट. डॉक्टरांनी बंदी घातली नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर पोटात गेलंच पाहिजे. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली लटकलेली हवी. कूस बदलताना ती अंगावर ठेवू नका, लघवी उलटी आत जाते. यांना पोटात दुखणार नाही, जाणीवच नाही. म्हणून थंडी वाजली, पाय एकाएकी जास्त आखडायला लागले, तर त्याच दिवशी दाखवा. पण ताप नसताना, नुसत्या लघवीच्या रिपोर्टवर मेडिकलमधून गोळ्या आणू नका. नळी असली की जंतू दिसतातच, आणि सारख्या गोळ्यांनी पुढे औषधच लागू पडत नाही.

आता जखम. एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एकट्याने हे होणार नाही. रात्रीची एक पाळी दिराने घ्यावी. खाली गोधडी घालत असाल तर तिचे टाके आणि घड्या चाचपून बघा, तेवढ्यानेही कातडी सोलते. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबे, टाचा बघा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात फिरवा : जागा गरम किंवा टणक लागली, तर ती पूर्ववत होईपर्यंत त्यावर अजिबात भार नको.

पुढच्या वेळी, घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) असा की अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, सुट्टी घ्यायच्या आधी कूस बदलणं आणि नळीची सफाई सिस्टरसमोर स्वतः करून दाखवा. दिरालाही करायला लावा. कायमची नळी काढून, ठरावीक वेळेला स्वतः तेवढ्यापुरती नळी घालून लघवी काढणं त्यांना शिकवता येईल का, हेही तेव्हाच विचारा. त्यांचे हात चांगले आहेत.